कलमातून रक्त वाहते की नाही?



‘बायपास’ हा शब्द आता कुणाला समजावून सांगावा लागत नाही. ज्याच्या नात्यागोत्यात किंवा शेजारीपाजारी ही शस्त्रक्रिया झालेली नाही, असा मनुष्य शहरात शोधावा लागेल. रुग्ण घरी आला म्हणजे समाचाराला येणारी मंडळी दोन प्रश्न हटकून विचारतात. एक, ‘किती ठिकाणी जोडले?’ आणि दुसरा, ‘डॉक्टर कोण होते?’ दोन्ही प्रश्न योग्यच आहेत. परंतु तितकाच महत्त्वाचा असा तिसरा एक प्रश्न आहे आणि तो सहसा कुणी विचारीत नाही. जी नवी नळी जोडली तिच्यातून रक्त किती वाहते, हे छाती मिटण्यापूर्वी मोजून पाहिले काय? आजचे व्याख्यान या तिसऱ्या प्रश्नाविषयी आहे.

विषय नीट समजण्यासाठी प्रथम हृदयाच्या घरची व्यवस्था पाहिली पाहिजे. मुठीएवढा, सुमारे ३०० ग्रॅम वजनाचा हा स्नायू दिवसाकाठी लाखाच्या आसपास ठोके देतो आणि आपण स्वस्थ बसलेलो असतानाही मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त शरीरात ढकलतो. एवढे रक्त त्याच्या पोटातून जाते. पण त्यातले त्याला स्वतःच्या पोषणासाठी थेट वापरता येत नाही. खजिनदाराच्या हातून लाखो रुपये जातात, परंतु घरखर्चासाठी त्याला आपल्या पगाराचीच वाट पाहावी लागते, त्यातलाच हा प्रकार. हृदयातून निघालेल्या महारोहिणीच्या मुळाशीच दोन लहान रोहिण्या फुटतात. ज्यांना डॉक्टर धमन्या म्हणतात त्यांनाच मी रोहिण्या म्हणत आहे. शाळेच्या पुस्तकांतून हाच शब्द अनेकांच्या परिचयाचा आहे. या दोन रोहिण्या हृदयाला मुकुटासारख्या वेढतात आणि त्यांच्या फांद्या स्नायूत शिरतात. हृदयाचा पगार तो एवढाच : विश्रांतीच्या वेळी मिनिटाला सुमारे पाव लिटर रक्त.

या पगाराची आणखी एक खुबी आहे आणि ती पुढे आपल्या उपयोगी पडणार आहे. शरीरातल्या इतर अवयवांना रक्ताचा मोठा लोंढा मिळतो तो हृदय आकुंचन पावते तेव्हा. खुद्द हृदयाच्या डाव्या बाजूला मात्र बहुतेक रक्त मिळते ते हृदय सैल पडते तेव्हा. कारण उघड आहे. ओला पंचा मुठीत घट्ट आवळून धरला आणि त्याच वेळी त्यावर पाणी ओतले, तर ते आत शिरत नाही. मूठ सैल सोडली की शिरते. आकुंचनाच्या वेळी हृदयाचा स्नायू आपल्याच पोटातल्या बारीक वाहिन्या आवळून धरतो. म्हणून डाव्या बाजूच्या रोहिणीतले निरोगी रक्त प्रामुख्याने दोन ठोक्यांमधल्या विश्रांतीत वाहते. उजव्या बाजूचा स्नायू पातळ व सौम्य असल्यामुळे तिकडे हा भेद इतका तीव्र नसतो.

या रोहिण्या मुळाशी तीन-चार मिलिमीटर रुंद असतात आणि पुढे निमुळत्या होत जातात. वयपरत्वे, आणि तंबाखू, मधुमेह, रक्तदाब यांच्या संगतीने, त्यांच्या अस्तरात चरबीचे व चुन्याचे थर साठू लागतात. नळी किती अरुंद झाली म्हणजे प्रवाह किती घटतो, याचा नियम प्वाझय या फ्रेंच वैद्याने एकोणिसाव्या शतकात शोधून काढला. ढोबळ मानाने तो असा : नळीची रुंदी निम्मी झाली तर त्याच दाबाखाली प्रवाह निम्मा होत नाही, एक षोडशांश होतो. नळ्यांच्या या जगात अर्ध्या मिलिमीटरलाही मोठी किंमत आहे, हे येथे ध्यानात ठेवावे.

अडलेल्या जागेला वळसा घालून पलीकडे रक्त पोचवावे, ही कल्पना साधीच आहे. पाट मध्येच दरड कोसळून बुजला तर शेतकरी बाजूने नवा दांड काढतो आणि बुजलेल्या जागेच्या खाली पुन्हा जुन्या पाटाला मिळवतो. पण कल्पना साधी असली तरी ती अमलात यायला अर्धे शतक जावे लागले. अलेक्सिस कारेल या शास्त्रज्ञाने कुत्र्यांवर असा प्रयोग १९१० पूर्वीच करून पाहिला होता. रक्तवाहिन्या सांधण्याच्या त्याच्या कामाला १९१२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. १९५३ मध्ये अमेरिकेत जॉन गिबन यांनी हृदय व फुप्फुसे यांचे काम काही वेळ यंत्राकडून करून घेऊन रुग्णावर यशस्वी शस्त्रक्रिया केली. १९५८ मध्ये क्लीव्हलँड येथे मेसन सोन्स यांना हृदयाच्या रोहिणीत रंगद्रव्य सोडून तिचे चित्र घेण्याचा मार्ग सापडला, आणि अडथळा नेमका कोठे आहे हे जिवंत माणसात दिसू लागले. १९६४ मध्ये लेनिनग्राड येथे कोलेसोव्ह यांनी छातीच्या आतल्या बाजूने उतरणारी रोहिणी हृदयाच्या रोहिणीला टाक्यांनी जोडली, आणि तीही यंत्राच्या मदतीशिवाय, धडधडत्या हृदयावर. १९६७ मध्ये क्लीव्हलँड येथेच रेने फावालोरो या अर्जेंटिनाच्या शल्यवैद्याने पायातली नीला काढून ती वापरण्याची पद्धत रूढ केली. आपल्या देशात १९७५ मध्ये मद्रासमधील पेरांबूर येथील रेल्वेच्या रुग्णालयात डॉ. के. एम. चेरियन यांनी ही शस्त्रक्रिया प्रथम केली.

जोडलेल्या नळीला डॉक्टर ‘ग्राफ्ट’ म्हणतात. आपल्याकडे त्यासाठी ‘कलम’ हा उत्तम शब्द आहे. कोकणातला बागायतदार आंब्याचे कलम बांधतो, आणि मग वाट पाहतो. काही आठवड्यांनी पालवी फुटली की कलमाने जीव धरला. नाही फुटली तर दुसरे बांधायचे. हृदयाच्या शल्यवैद्यापाशी मात्र आठवडे नसतात. कलम जोडून झाल्यापासून छाती मिटेपर्यंतचा जो थोडा वेळ, तेवढाच त्याच्या हातात असतो. तेवढ्या वेळात दोष कळला तर टाके उसवून पुन्हा घालणे हे काही मिनिटांचे काम असते. छाती मिटल्यावर, रात्री अतिदक्षता कक्षात विद्युत्-आलेख बिघडल्यावर तोच दोष कळला, तर हृदयाच्या स्नायूचा काही भाग तोवर निकामी झालेला असू शकतो, आणि छाती पुन्हा उघडण्याचा प्रसंग येतो. म्हणूनच ही मोजणी म्हणजे केवळ टापटिपीची बाब नव्हे. तिच्यावर रुग्णाचा प्राण अवलंबून असू शकतो.

आता कोणी म्हणेल, ‘अहो, एवढा निष्णात शल्यवैद्य! त्याला स्वतःचे काम दिसत नाही काय? हातच्या कांकणाला आरसा कशाला?’ पण या कांकणाला आरसा लागतो. सांधा कसा असतो ते पाहा. ज्या रोहिणीला जोडायचे ती त्या ठिकाणी जेमतेम दीड-दोन मिलिमीटर रुंद असते. टाके घालायचा धागा आपल्या डोक्याच्या केसाएवढा किंवा त्याहूनही बारीक असतो. शल्यवैद्य डोळ्यांवर भिंगे लावून एकामागून एक टाके घालतो. एक टाका चुकून पलीकडच्या भिंतीतून गेला तर नळीचे तोंड आतून शिवले जाते. धागा जरा जास्त ओढला गेला तर बटव्याच्या नाडीसारखे तोंड आवळते. कलम लांब राहिले तर त्याला मुरड पडते, आखूड राहिले तर ताण बसतो, घालताना फिरले तर पीळ पडतो. छातीतली रोहिणी हाताळणीने काही काळ आक्रसते. एखादी लहानशी गुठळी आत अडकते. यांतले बरेचसे दोष बाहेरून दिसत नाहीत. बाहेरून सांधा नेटका दिसतो, टाके मोत्यांसारखे दिसतात, आणि आत वाट बंद असते.

बोटाने कलमाची नाडी पाहावी, हा जुना उपाय. तो फसवा आहे, आणि का फसवा आहे हे समजणे महत्त्वाचे आहे. बोटाला जाणवतो तो दाब, प्रवाह नव्हे. शेताला पाणी देताना रबरी नळीचे पुढचे तोंड अंगठ्याने दाबून पाहा. नळी टणक होते, पंपाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर हाताला थडथड लागते. पण पाणी पुढे थेंबभर जात नाही. तद्वत, ज्या कलमाचे पुढचे तोंड बंद आहे तेही हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर छान उडत असते. पाटाच्या तोंडाशी पाणी दिसले म्हणून ते शेवटच्या वाफ्यापर्यंत पोचले असे होत नाही. दारे धरणाऱ्या माणसाला वाफ्यापर्यंत चालत जाऊन पाहावे लागते.

तेव्हा मिनिटाला किती मिलिलिटर रक्त जाते, हेच मोजले पाहिजे. पण वाहिनी न कापता, तिच्यात काही न घालता, हे मोजायचे कसे? विजेच्या व चुंबकाच्या साहाय्याने मोजण्याची युक्ती अलेक्झांडर कोलिन यांनी १९३६ मध्ये दाखवली. चुंबकीय क्षेत्रातून विद्युद्वाहक द्रव वाहू लागला की त्यात अल्पसा विद्युद्दाब निर्माण होतो, या फॅरेडेच्या तत्त्वावर ती आधारलेली होती. बायपास शस्त्रक्रियेच्या आरंभीच्या काळात अशी उपकरणे वापरली गेली. पण ती वाहिनीला घट्ट बसवावी लागत आणि त्यांचे शून्य वारंवार जुळवून घ्यावे लागे. नंतर ध्वनीचा उपयोग सुरू झाला. जवळ येणाऱ्या आगगाडीच्या शिट्टीचा स्वर चढा आणि दूर जाणारीचा उतरता लागतो, हे ख्रिश्चन डॉप्लर यांनी १८४२ मध्ये मांडलेले तत्त्व. त्यावरून रक्ताचा वेग कळतो. पण वेग म्हणजे प्रवाह नव्हे. चिंचोळ्या ओहोळाचा वेग पुष्कळ असला तरी त्यातले पाणी थोडेच. वेगावरून प्रवाह काढायचा तर नळीची रुंदी आणि ध्वनीचा कोन, दोन्ही अचूक माहीत पाहिजेत, आणि शस्त्रक्रियेच्या टेबलावर ती खात्री कोण देणार?

ही अडचण ज्या पद्धतीने दूर झाली तिला प्रवासकालाची पद्धत म्हणता येईल. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात कॉर्नेलिस ड्रॉस्ट यांनी १९७८ च्या सुमारास ती मांडली. तत्त्व आपल्या नावाड्यांना परिचित आहे. कृष्णेला पाणी भरपूर असताना एक नाव तिरकी, प्रवाहाच्या दिशेने, पैलतीराला गेली आणि त्याच वाटेने उलट परत आली, तर जायला वेळ थोडा लागतो आणि यायला जास्त. नदी संथ असेल तर दोन्ही वेळा सारख्याच. दोन वेळांतला फरक जितका मोठा, तितका नदीला ओढ जास्त. नावाड्याला पाण्यात हात घालण्याची गरज नाही, घड्याळ पुरे.

येथे नाव म्हणजे श्राव्यातीत ध्वनी. मनुष्याच्या कानाला ऐकू न येणारा, सोनोग्राफीत वापरतात त्याच जातीचा. आकड्यासारखे वळलेले एक लहान साधन कलमाभोवती अलगद बसवतात. त्यात एका बाजूला दोन स्फटिक असतात आणि समोरच्या बाजूला ध्वनी परतवणारी धातूची पट्टी. एक स्फटिक ध्वनी सोडतो, तो रक्तातून तिरका जाऊन पट्टीवर आपटून दुसऱ्या स्फटिकाकडे पोचतो. मग लगेच उलट दिशेने तोच प्रवास. ध्वनी रक्तातून सेकंदाला सुमारे दीड हजार मीटर वेगाने धावतो, आणि येथे तर त्याचा सारा प्रवास सेंटिमीटरभराचा. म्हणून जाण्यायेण्याच्या वेळेतला फरक सेकंदाच्या एक अब्जांश भागाच्या आसपास येतो. हा फरक यंत्र टिपते. ध्वनीचा झोत मुद्दाम इतका रुंद ठेवलेला असतो की संपूर्ण वाहिनी त्यात न्हाऊन निघते. त्यामुळे मधल्या जलद आणि कडेच्या संथ अशा सर्व धारांची बेरीज आपोआप होते, आणि नळीची रुंदी वेगळी मोजल्यावाचून सरळ प्रवाहच हाती येतो. ही या पद्धतीची खरी करामत.

मोजणी कशी करतात, तेही थोडक्यात सांगतो. कलमाच्या जाडीला जुळेल अशा मापाचे साधन निवडतात. सैल असेल तर मध्ये हवा राहते आणि हवेतून हा ध्वनी नीट जात नाही. म्हणून फटीत मिठाचे पाणी किंवा लुकण घालतात. घट्ट असेल तर कलमच दाबले जाते. छातीतल्या रोहिणीभोवती चरबी असेल तर तेवढ्या जागी ती दूर करतात. रक्तदाब योग्य पातळीवर, म्हणजे सरासरी ८० मिलिमीटरच्या आसपास, आणतात. कारण दाबच कमी असेल तर उत्तम कलमही थोडेच वाहील. यंत्र वापरले असेल तर ते थांबवल्यावर आणि हृदय स्वतःच्या बळावर चालू लागल्यावर मोजतात. छाती मिटण्यापूर्वी पुन्हा एकदा मोजतात. कारण हृदय आपल्या जागी परत बसवताना मघाशी सरळ असलेल्या कलमाला मुरड पडलेली असू शकते. प्रत्येक कलमाला मिनिट-दोन मिनिटे लागतात.

पडद्यावर एक लाटेसारखी रेषा उमटते आणि काही आकडे येतात. त्यांतले तीन महत्त्वाचे. पहिला, सरासरी प्रवाह. दुसरा, ज्याला आपण स्पंदनांक म्हणू. ठोक्यातला सर्वांत जास्त प्रवाह उणे सर्वांत कमी प्रवाह, याला सरासरीने भागले की स्पंदनांक येतो. तिसरा, प्रसरणाचा वाटा, म्हणजे एकूण प्रवाहापैकी किती टक्के रक्त हृदय सैल असताना गेले.

दोन काल्पनिक कलमे घेऊन हिशेब करू. पहिल्यात प्रवाह जास्तीत जास्त ६०, कमीत कमी ५, आणि सरासरी ३० मिलिलिटर आहे. ६० उणे ५ म्हणजे ५५. त्याला ३० ने भागले, स्पंदनांक दोनहूनही कमी आला. रक्त एका दिशेने, सलग पुढे जात आहे. दुसऱ्यात जास्तीत जास्त ४०, कमीत कमी उणे २०, आणि सरासरी ८. उणे २० याचा अर्थ काही क्षण रक्त उलटे मागे येते. येथे फरक ६०, सरासरी ८, आणि स्पंदनांक साडेसात. म्हणजे रक्ताची ये-जा पुष्कळ, पण पदरात पडले थोडेच. बंद दरवाजावर गर्दीचा लोंढा आपटून मागे फिरावा तसे हे आहे. बोटाला मात्र हेच दुसरे कलम जास्त जोरात उडताना लागेल. बोटाची साक्ष आणि मापाची साक्ष येथे एकमेकींच्या विरुद्ध जातात.

२०१० च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांत अशी मर्यादा घातली होती की, प्रवाह मिनिटाला २० मिलिलिटरपेक्षा कमी आणि स्पंदनांक ५ पेक्षा जास्त असेल, तर ते कलम सदोष समजून शस्त्रक्रियागृहातच दुरुस्त करावे. डाव्या बाजूच्या कलमात प्रसरणाचा वाटा निम्म्याहून अधिक असावा, अशीही अपेक्षा धरतात. याचे कारण मघाच्या ओल्या पंचाच्या दृष्टांतात आलेच आहे. रक्त खरोखर स्नायूत शिरत असेल तर ते मूठ सैल असतानाच शिरणार. सगळा प्रवाह जर आकुंचनातच दिसत असेल, तर ते रक्त कलमाच्या पोकळीत नुसते हेलकावत आहे असा संशय घ्यावा.

येथवर ऐकून एखाद्याला वाटेल की प्रश्न सुटला. आकडा वाचावा, वाईट असला तर टाके उसवावेत. परंतु एवढे सोपे असते तर शल्यवैद्याची गरज काय, कारकून पुरला असता. आकडा साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. प्रवाह कमी येण्याला कलमातला दोष हे एकच कारण नसते. रक्तदाब उतरलेला असेल. छातीतली रोहिणी तात्पुरती आक्रसलेली असेल. ती औषधाने व थोड्या वेळाने सैल होते. पलीकडची रोहिणीच बारीक असेल, किंवा तिच्या खालचा स्नायू जुन्या झटक्याने निकामी झालेला असेल. तेथे रक्ताची मागणीच थोडी. किंवा मूळ रोहिणी पुरती बंद नसेल. मग एकाच वाफ्याला दोन पाट मिळतात, आणि जुन्या पाटाचे पाणी नव्याला मागे रेटते. असा संशय आला तर शल्यवैद्य मूळ रोहिणी क्षणभर हलकेच दाबून धरतो. कलमातला प्रवाह लगेच वाढला तर सांधा निर्दोष आहे. दोष एवढाच की जुना पाट अजून वाहता आहे.

म्हणून तिन्ही आकडे, रेषेचा आकार, रक्तदाब आणि शस्त्रक्रियेपूर्वीचे चित्र ही सारी एकत्र ठेवून निर्णय घ्यावा लागतो. विनाकारण टाके उसवण्यातही धोका आहे. नाजूक रोहिणीला दुसऱ्यांदा सुई लावणे ही काही निरुपद्रवी गोष्ट नाही. उलट बाजूचीही मर्यादा सांगितली पाहिजे. आकडा चांगला आला म्हणजे सांधा बिनचूकच आहे असे नव्हे. विश्रांतीत वाहणारा प्रवाह नळी बरीच अरुंद होईपर्यंत फारसा घटत नाही. त्यामुळे मोठे दोष या पद्धतीने पकडले जातात, मध्यम दोष निसटू शकतात. यासाठी काही ठिकाणी हृदयावरच लहान सोनोग्राफी-यंत्र टेकवून सांध्याचे आतले चित्रही घेतात. माप सांगते की काहीतरी बिघडले आहे; चित्र सांगते की कोठे.

या सगळ्या खटाटोपाचा उपयोग किती? सात रुग्णालयांतील १०१६ रुग्णांच्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीत प्रवाहाची मोजणी आणि असे सोनोग्राफीचे चित्र ही दोन्ही पद्धतशीर वापरली गेली. तिचा निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे एक चतुर्थांश रुग्णांच्या बाबतीत शल्यवैद्याने ठरवलेल्या बेतात काही ना काही बदल केला : कोठे जोडण्याची जागा बदलली, कोठे झालेले कलम दुरुस्त केले. हे बदल झाले नसते तर त्या साऱ्यांचे नुकसान झालेच असते, असे या पाहणीवरून सिद्ध होत नाही. ज्यांच्यावर मोजणी केली नाही अशा रुग्णांशी तिच्यात तुलना नव्हती. पण शल्यवैद्याला डोळ्यांनी जे दिसले नव्हते ते उपकरणाने दाखवले, एवढे तिने निश्चित दाखवले. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेला सल्ला देणाऱ्या संस्थेने २०११ मध्ये अशा मोजणीची शिफारस केली होती. २०१८ च्या युरोपीय सूचनांतही ही मोजणी नित्य करण्याचा विचार व्हावा असे म्हटले आहे. ‘विचार व्हावा’ हे शब्द मुद्दाम सौम्य ठेवलेले आहेत, आणि म्हणूनच ती सर्वत्र सक्तीची झालेली नाही. आपल्या देशात यंत्र न लावता, धडधडत्या हृदयावर बायपास करणारे शल्यवैद्य पुष्कळ आहेत. हलत्या पृष्ठभागावर दोन मिलिमीटरचा सांधा करणे अधिक अवघड. तेव्हा तेथे मोजणीची गरजही अधिक, असे मला वाटते.

आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. शस्त्रक्रियेच्या दिवशी प्रवाह उत्तम असला म्हणजे जन्माची हमी मिळाली असे नाही. सुमारे ३,००० रुग्णांच्या एका अमेरिकी चाचणीत वर्ष-दीड वर्षाने फेरतपासणी केली, तेव्हा पायातल्या नीलेच्या कलमांपैकी सुमारे चौथा हिस्सा निकामी झालेला आढळला. हा निष्कर्ष २००५ चा. छातीतल्या रोहिणीचे कलम याबाबतीत कितीतरी टिकाऊ ठरले आहे. दहा-दहा वर्षांनंतरही ती कलमे बहुसंख्येने वाहती असतात. पहिल्या काही दिवसांत कलम बंद पडले तर बहुधा सांध्याचा दोष किंवा गुठळी. काही महिन्यांनी पडले तर नीलेच्या आतले अस्तर जाड होणे. आणि काही वर्षांनी पडले तर मूळचाच रोग नव्या नळीत शिरणे. यांतल्या पहिल्या प्रकारावर मोजणीचा इलाज आहे. उरलेल्या दोहोंवर इलाज शस्त्रक्रियागृहात नाही, आपल्या घरात आहे : विडी-सिगारेट आणि तंबाखू कायमची सोडणे, साखर व रक्तदाब ताब्यात ठेवणे, आणि डॉक्टरांनी दिलेली गुठळी व चरबी रोखणारी औषधे ‘आता बरे वाटते’ म्हणून मनानेच बंद न करणे.

श्रोतेहो, या विषयात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट यंत्राची नाही, वृत्तीची आहे. चार-पाच तास उभे राहून, मन एकवटून एक काम पुरे करायचे. आणि ते पुरे झाल्यावर, थकलेल्या अवस्थेत, ‘हे कदाचित चुकले असेल’ असे धरून स्वतःच्याच कामाची परीक्षा घ्यायची. आणि परीक्षेत ते नापास झाले तर मुकाट्याने टाके उसवायला लागायचे. ही गोष्ट सोपी नाही. पूर्वी शल्यवैद्याचे कौशल्य हीच रुग्णाची एकमेव हमी होती. आज कौशल्याच्या जोडीला माप आले आहे. मापाने कौशल्याची किंमत कमी होत नाही. चांगला सोनार काटा जवळ ठेवतो म्हणून त्याच्या नजरेला कुणी कमी लेखीत नाही. उलट काटा टाळणाऱ्या सोनाराकडे आपण दुसऱ्यांदा जात नाही.

तेव्हा आपल्यापैकी कुणावर किंवा कुणाच्या आप्तावर हा प्रसंग आला, तर डॉक्टरांना शस्त्रक्रियेपूर्वी नम्रपणे विचारावे : कोणकोणत्या रोहिण्यांना कलमे जोडणार आहात? छातीतली रोहिणी वापरणार आहात ना? आणि छाती मिटण्यापूर्वी प्रत्येक कलमातला प्रवाह मोजण्याची सोय आपल्याकडे आहे काय? यात अविश्वास नाही, आणि जाणता डॉक्टर त्याचा राग मानणार नाही. शस्त्रक्रिया झाल्यावर घरी जाताना जो कागद मिळतो त्यावर कलमांची संख्या असतेच. तिच्या शेजारी प्रत्येक कलमाचा प्रवाह व स्पंदनांकही लिहून मागावा. पुढे कधी छातीत दुखू लागले तर दुसऱ्या डॉक्टरांना त्या दोन आकड्यांवरून कळेल की कलम आरंभापासूनच मंद होते की मागाहून मंदावले. आणि पुढचा उपचार काय करायचा, हे त्यावरून ठरवणे त्यांना सोपे जाईल.